चाकानंतरचं काम

कुंभार म्हटलं की लोकांना चाक दिसतं. जुन्नरकडच्या आमच्या घरात चाकावरचं काम लवकर उरकायचं. आजोबा काठीनं चाक गरगरा फिरवायचे, माती वर उचलायचे, दोऱ्यानं कापून बाजूला ठेवायचे. उतरलेलं मडकं जाड बुडाचं, बेढब. त्याचा घाट पुढे घडायचा, आणि तो आजीच्या हातानं.

जरा सुकलं की ती ते मांडीवर घ्यायची. आतून दगडी गोळा, बाहेरून लाकडी थापटणं. ठोक्यागणिक भिंत पातळ व्हायची, पोट फुगायचं. एक ठोका जोरात बसला की तडा. लीद आणि राख चाळून मातीत कालवणं, गेरूचा हात फिरवणं, आव्यासाठी शेणी वाहणं हेही बायकापोरांकडेच. चाकाला मात्र बाईनं हात लावायचा नाही. का, विचारलं तर आजी म्हणायची, "रीत हाय बाई." मला ते तेव्हाही पटलं नव्हतं.

हेच थापटणं संतकथेत आहे. तेरच्या गोरोबाकाकांनी संतांच्या डोक्यांवर ते मारून पाहिलं आणि नामदेवांना कच्चं ठरवलं. कीर्तनकार नामदेवांचा रुसवा रंगवतात. आमच्या घरी चर्चा आवाजाची. भाजलेलं मडकं खणकतं, कच्चं बद्द वाजतं. संक्रांतीची सुगडं घेताना मानपाड्याच्या फुटपाथवर मी अजून टिचकी मारून बघते. विकणारा वैतागतो, वैतागू दे.

हे काम किती जुनं? शिरूर तालुक्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ उत्खनन केलं. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या वस्तीत कुंभाराची भट्टी निघाली, चाकावरची तांबडी भांडी निघाली, त्यांवर काळी नक्षी. दगावलेली लेकरं दोन रांजणांत, तोंडाला तोंड लावून, घराच्या जमिनीखालीच पुरलेली. ती नक्षी काढणारा हात कुणाचा, ते मातीवर कुठे लिहिलेलं नाही.

अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत, सॅन इल्डेफोन्सो या प्वेब्लो लोकांच्या गावात, ते लिहिलं गेलं. मारिया मार्टिनेझ (१८८७–१९८०) चाकाशिवाय, मातीच्या वळ्या एकावर एक रचून भांडं उभारायची. दगडानं घासून ते आरशासारखं करायची आणि नवरा जुलियन त्यावर नक्षी काढायचा. धगधगत्या आगीवर शेणाचा भुगा टाकून हवा कोंडली की तांबडी माती काळी होते. १९१९ च्या सुमारास या दोघांनी चकचकीत काळ्यावर मंद काळी नक्षी साधली आणि जगभरचे संग्राहक त्या गावाकडे धावले. शेणाचा धूर आमच्याही आव्याला होता. त्याच्यामागे कुणी धावलं नाही, शेजारी तेवढे खिडक्या लावून घ्यायचे.

मला हेवा वाटतो तो बुडावरच्या सहीचा. तिथे मारिया आणि जुलियन, दोघांची नावं असत. १९४३ मध्ये जुलियन गेला, तेव्हा सून सान्ताना नक्षीला बसली आणि सहीत तिचं नाव आलं. पुढे मुलगा पोपोवी दा आला, त्याचंही.

आमच्याकडे सुगीला खळ्यावर बलुत्याचं धान्य मोजलं जाई ते आजोबांच्या नावानं. संक्रांतीला घरोघरी सुगडं पोचवायची आजी. खळ्यावरून ते धान्य डोक्यावर आणायचीही तीच.