तळटीप १४ : ‘वेटलंडची जागा’

१४. बेसबॉलमधील ‘क्लोझर’चे स्थान. निसटती आघाडी राखण्यासाठी बहुधा नवव्या म्हणजे शेवटच्या इनिंगला उतरवला जाणारा पिचर तो क्लोझर. जॉन वेटलंड हा न्यूयॉर्क यांकीजचा क्लोझर; १९९६च्या वर्ल्ड सिरीजमधील चारही विजयांत ‘सेव्ह’ त्याच्या नावावर लागले आणि तोच मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्यानंतर तो टेक्सास रेंजर्सकडे गेला. यांकीजने बाहेरचा नामांकित पिचर न आणता, वेटलंडच्या आधी सातवी-आठवी इनिंग सांभाळणाऱ्या पनामाच्या मारियानो रिव्हेराला (जन्म १९६९) ते काम दिले. १९९७च्या आरंभी सेव्हच्या पहिल्या सहा संधींपैकी तीन त्याने घालवल्या. तरी व्यवस्थापक जो टोरी यांनी त्याला हलवले नाही. पुढील पृष्ठावरील ‘तीन वाया गेल्या’ हा उल्लेख याच संधींचा. सेव्हची अधिकृत नोंद १९६९पासून होते; तीन किंवा त्याहून कमी धावांची आघाडी असताना येऊन, किमान एक इनिंग टाकून सामना संपवणे ही तिची नेहमीची अट. २०१३मध्ये निवृत्त होताना रिव्हेराच्या खात्यात ६५२ सेव्ह होते. — संपा.