खरेदीखत एकाचं, नांगर दुसऱ्याचा

अमरावतीहून नागपूरच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात नांदगाव पेठ येतं. टोलनाका, एमआयडीसीची शेडं, प्रत्येकी 270 मेगावॉटच्या पाच संचांचं वीजकेंद्र आणि आता पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्क, ज्याची पायाभरणी पंतप्रधानांनी 20 सप्टेंबर 2024 ला वर्ध्याच्या कार्यक्रमातून केली. पराटीच्या वावराचा भाव जिथे एकरावरून चौरस फुटावर येतो, तिथे जुनी खरेदीखतं पेटीतून बाहेर निघतात. विकणाऱ्याचा नातू सांगतो, आजोबांनी वावर विकलं नव्हतं, पैशासाठी लिहून दिलं होतं. घेणाऱ्याचा नातू नोंदणीचा शिक्का दाखवतो. असं भांडण वऱ्हाडात कुठल्याही तालुक्याच्या कोर्टात सापडेल. त्याचं मूळ मात्र दीडशे वर्षांहून जुनं आहे.

वऱ्हाडात शेताचा ‘माजी मालक’ ही व्यक्ती इंग्रजी अमलाआधी फारशी दिसत नाही. निजामाच्या राज्यात विकण्यासारखी वस्तू होती ती वतन: पाटीलकी, देशमुखी, त्यांचे मानपान आणि हक्क. कुणब्याच्या कसत्या जमिनीला गिऱ्हाईक कुठून येणार? माणसं कमी, पडीक रान भरपूर, आणि वसुलीचा इजारा घेणारा दर काही वर्षांनी बदललेला. 1839 पर्यंत वऱ्हाडाचा मोठा भाग पुरणमल सावकाराकडे इजाऱ्याने होता. त्याच्यामागून पेस्तनजी आणि कंपनी हे मुंबईचे पारशी व्यापारी आले. त्यांनी कास्तकारांना उचल दिली, खामगावात कापूस दाबायचे स्क्रू बसवले, आणि 1845 मध्ये त्यांनाही हटवलं गेलं. खुद्द इजारदाराचाच भरवसा नसताना त्याच्या हाताखालच्या वावरावर कर्ज देणारा शहाणा सावकार विरळाच. तो पिकावर पैसे देई, जमिनीवर नाही.

1853 च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आलं. जमीनमहसूल मालगुजारांमार्फत घ्यावा, असं आधी घाटत होतं. 1861 मध्ये तो बेत सोडून मुंबई इलाख्यासारखी रयतवारी मोजणी ठरली. शेताला सर्व्हे नंबर मिळाला, सारा तीस वर्षांसाठी बांधला गेला आणि सारा भरणाऱ्या खातेदाराला जमीन वारसाने देण्याचा, गहाण टाकण्याचा, विकण्याचा हक्क आला. हक्क मोठा होता, यात शंका नाही. पण जी जमीन विकता येते ती गमावताही येते, आणि ते कळायला वऱ्हाडाला फार वाट पाहावी लागली नाही.

त्याच वर्षी अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना आणि वऱ्हाडी कापसाला सोन्याचा भाव आला. सावकाराने हात सैल सोडला, कारण आता तारणाला सर्व्हे नंबर होता. 1865 मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले, कर्ज राहिलं. 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, पुढे बडनेऱ्याहून अमरावतीला फाटा निघाला. जमिनीची किंमत वाढली तशी सावकाराची तिच्यावरची नजरही पक्की झाली. मग 1896-97 आणि 1899-1900 चे दुष्काळ आले.

या दिवसांत एक जुना व्यवहार सर्रास चालला: मुदती खरेदी. कायद्याच्या पुस्तकांत त्याच जातीच्या गहाणाला ‘गहाण लहाण’ हे मराठी नाव आजही सापडतं. मुदतीत पैसे फेडले तर शेत परत, नाही फेडले तर तेच गहाण खरेदी होऊन बसणार.

असा दस्त हातात घेऊन वाचला की त्यातली गोम दिसते. अर्जनवीस आधी शेताचा मौजा, सर्व्हे नंबर, आराजी आणि आकार लिहितो. मग चतुःसीमा: पूर्वेला अमक्याचं शेत, दक्षिणेला नाला, पश्चिमेला गाडरस्ता. मग रक्कम, आणि शेवटी शेत आजपासून तुमच्या ताब्यात दिल्याचं वाक्य. त्या वाक्याची शाई वाळते न वाळते तोच विकणारा गावी येतो आणि मृग लागताच त्याच वावरात तिफण घालतो. फरक एवढाच, की आता तो बटईने किंवा मक्त्याने पेरतो. सावकाराला बैलाच्या मागे चालायचं नसतंच. मक्ता म्हणजे त्याचं व्याज. धुऱ्यावरचं बोरीचं झाडसुद्धा आधीच्याच घरची पोरं झोडपतात. गावाच्या लेखी मालक बदललेला नसतो, कागदावर बदललेला असतो.

पुणे-नगरकडे सावकारांच्या वह्या 1875 मध्ये जाळल्या गेल्या, म्हणून तिथल्या कुणब्यासाठी 1879 चा दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा झाला. पुढे त्यात अशी सोयही आली, की दस्त खरेदीचा दिसला तरी खरा व्यवहार गहाणाचा होता, हे तोंडी पुराव्याने दाखवता यावं. वऱ्हाडात वह्या जळल्या नाहीत आणि तिथल्या कुणब्याला ते कवचही मिळालं नाही. पुराव्याच्या कायद्याचं 92 वं कलम त्याच्या आड उभं: लेखी दस्ताच्या अटींविरुद्ध तोंडी बोलणं ऐकलं जाणार नाही.

1929 मध्ये मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्यात दुरुस्ती झाली. परत देण्याची अट खरेदीच्याच दस्तात लिहिलेली नसेल, तर तो व्यवहार गहाण मानायचा नाही. खोटे दावे थांबावेत हा हेतू असेल. फावलं मात्र चतुर सावकाराचं. खरेदीखत नोंदवायचं आणि परतीचा शब्द वेगळ्या कागदावर द्यायचा, किंवा नुसता तोंडी. गहाण सोडवायला कायदा दशकांची मुदत देतो, आज ती 30 वर्षं आहे. फेरखरेदीच्या करारात मात्र ठरलेली तारीख हुकली की हक्क बुडाला.

कास्तकाराच्या बाजूने सरकारात बोलणारं माणूस त्याच सुमारास उभं राहिलं. पापळचे डॉ. पंजाबराव देशमुख 1930 मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडचे मंत्री झाले, आणि 1933 मध्ये कर्ज लवाद कायदा आला. लवाद मंडळांपुढे सावकार-कुळाची तडजोड होई. पण तडजोड व्हायची ती कर्जाची. जे कर्ज कागदावर आधीच ‘विक्री’ झालेलं, त्याला मंडळ तरी काय करणार?

गुंता सोडवायला शेवटी न्यायाधीशच लागले. 1954 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बिहारच्या एका खटल्यात विक्री आणि गहाण यांतला फरक कसा ओळखावा हे सांगितलं. निकाल लिहिला विवियन बोस यांनी. ते नागपूरचे वकील, पुढे तिथल्याच उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती. दोन वेगळे दस्त असतील तर गहाण नाही, एकच असेल तर त्याचे शब्द आणि भोवतालची परिस्थिती बघा. मग वकिलांचे प्रश्न ठरून गेले: किंमत बाजारभावाच्या मानाने किती कमी होती, ताबा कोणाकडे राहिला, सारा कोणी भरला, फेरफार कधी झाला?

आणखी एक वाट निघाली ती एका घराच्या खटल्यातून. 1953 मध्ये एका बाईने दुसरीकडून 2,000 रुपये कर्ज घेतलं आणि नावापुरतं खरेदीखत करून दिलं. सर्वोच्च न्यायालयाने 1981 मध्ये सांगितलं, की दस्ताच्या अटी तोंडी पुराव्याने बदलता येत नाहीत हे खरं. पण तो दस्त अमलात आणण्यासाठी नव्हताच, हे दाखवायला 92 वं कलम आड येत नाही. कर्ज घेणारी जिंकली, अठ्ठावीस वर्षांनी.

आज महाराष्ट्रात 2014 चा सावकारी नियमन कायदा आहे. सावकारीतून 15 वर्षांच्या आत गेलेली जमीन जिल्हा उपनिबंधक चौकशी करून परत देऊ शकतात, खरेदीखत असलं तरी. त्यासाठी समोरचा माणूस सावकारी करत होता हे सिद्ध व्हावं लागतं. तो म्हणतो, मी साधा खरेदीदार. मग चौकशी पुन्हा जुन्याच जागी येते: त्या हंगामांत वावर कोणी वाहिलं, तलाठ्याच्या पीकपाहणीत कोणाचं नाव आहे. नांदगाव पेठेसारख्या ठिकाणी कित्येक शेतांवर आता पीकपाहणी करण्याजोगं पीकच उरलेलं नाही. जमीन सरकारने संपादली असेल तर मालकीचा तंटा मिटेपर्यंत मोबदला न्यायालयात जमा राहतो, आणि तारखेला दोन्ही घरची माणसं एकाच एसटीने अमरावतीला जातात.