सिद्धांत-परीक्षण

वैज्ञानिक सिद्धांतातून निघणारे निष्कर्ष निरीक्षणाशी किंवा प्रयोगाशी ताडून पाहण्याच्या प्रक्रियेस सिद्धांत-परीक्षण म्हणतात. सिद्धांत सहसा थेट तपासता येत नाही. गुरुत्वाकर्षण कोणी डोळ्यांनी पाहिलेले नाही; दिसते ती ठरावीक रात्रीची ग्रहाची जागा. म्हणून सिद्धांतावरून भाकीत करायचे आणि त्याची पडताळणी करायची. या पडताळणीतून सिद्धांताविषयी नेमके काय ठरते, हा विज्ञानाच्या तत्त्वज्ञानातील कळीचा प्रश्न आहे.

भाकीत खरे ठरले म्हणून सिद्धांत खरा ठरत नाही. पाऊस पडला की अंगण ओले होते. पण अंगण ओले दिसले म्हणजे पाऊसच पडला असे नाही, कोणी सडाही घातला असेल. उलट अंगण कोरडे असेल तर पाऊस पडलेला नाही, हे नक्की. कार्ल पॉपर यांची १९३४ सालची मांडणी याच विषमतेवर उभी आहे. त्यांच्या मते सिद्धांत कधीच सिद्ध होत नाहीत, खंडनाच्या प्रयत्नांतून ते फक्त तगून राहतात. आणि कोणत्याही निरीक्षणाने ज्याचे खंडन होऊच शकत नाही, तो सिद्धांत वैज्ञानिक नव्हे.

हा निकष रेखीव आहे, पण व्यवहार इतका सरळ नाही. पिएर द्यूएम यांनी १९०६ मध्येच दाखवून दिले होते, की भौतिकीत एकटे गृहीतक कधीच परीक्षेला बसत नाही. उपकरणांविषयीची, परिस्थितीविषयीची अनेक साहाय्यक गृहीतके त्याच्या सोबतीला असतात. भाकीत चुकले तर त्यांपैकी दोषी कोण, हे तर्कशास्त्र सांगत नाही.

खगोलशास्त्रात याची बोलकी जोडी सापडते. न्यूटनच्या नियमाने काढलेल्या कक्षेत युरेनस बसेना. नियम चुकला, की ग्रहांची यादी अपुरी? ल व्हेरिए यांनी नियम कायम ठेवून अज्ञात ग्रहाची जागा गणिताने काढली आणि ती पत्राने बर्लिनच्या वेधशाळेला कळवली. पत्र पोचले त्याच रात्री, २३ सप्टेंबर १८४६ रोजी, योहान गाले दुर्बिणीतून दिसणाऱ्या ताऱ्यांच्या जागा सांगत गेले आणि त्यांचे सहकारी डारेस्ट त्या नकाशावर पडताळत गेले. एक तारा नकाशात नव्हता. तोच नेपच्यून, सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्याही आत.

बुधाच्या कक्षेतही फरक होता: शतकाला सुमारे ४३ विकला, म्हणजे एका अंशाच्या ऐंशीव्या भागाहूनही कमी. ल व्हेरिए यांनी १८५९ मध्ये तोच उपाय पुन्हा केला आणि सूर्याजवळ आणखी एक ग्रह कल्पिला. ‘व्हल्कन’ असे नाव पडलेला हा ग्रह अनेकांनी शोधला, तो नव्हताच. या वेळी दोष खुद्द नियमातच होता. १९१५ मध्ये आइन्स्टाइन यांच्या व्यापक सापेक्षता सिद्धांतातून त्या ४३ विकला कोणताही नवा ग्रह न कल्पिता मिळाल्या.

तर्काच्या दृष्टीने दोन्ही वेळची चाल एकच, आणि दोन्ही वेळा ती प्रामाणिक होती. सिद्धांत वाचवण्यासाठी गृहीतक जोडणे गैर नाही. मात्र ते स्वतंत्रपणे तपासता आले पाहिजे. इम्रे लाकाटोश यांनी हीच कसोटी संशोधनाच्या संपूर्ण परंपरेला लावली: दुरुस्तीतून नवी, खरी ठरणारी भाकिते निघतात, की ती केवळ ठिगळ ठरते? थॉमस कून यांनी १९६२ मध्ये वैज्ञानिक समुदायाच्या भूमिकेवर भर दिला, पण त्यामुळे पडताळणीची गरज संपत नाही.

परीक्षणाची अट कोणत्याही दाव्याला लागू करता येते. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी पुण्यात फलज्योतिषाची अशीच चाचणी घेतली. १०० हुशार आणि १०० बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या पत्रिकांमधून प्रत्येक ज्योतिषाला ४० दिल्या. कोणती पत्रिका कोणत्या गटातली, एवढेच सांगायचे होते. निव्वळ योगायोगाने २८ किंवा अधिक उत्तरे बरोबर येण्याची शक्यता शंभरात एकाहून कमी असते. २७ ज्योतिषांनी उत्तरे पाठवली. त्यांतली सर्वाधिक बरोबर उत्तरे २४ होती, आणि सरासरी यश ४६ टक्के.