पाणपक्ष्यांस मिळालेली बदली जमीन

२० मे १९४८ रोजी वॉशिंग्टन येथे अमेरिकेच्या अंतर्गत कारभार खात्याच्या मंत्र्यांच्या कचेरीत घेतलेले एक छायाचित्र काही वाचकांच्या पाहण्यात आले असेल. मंत्री जे. ए. क्रुग कागदांवर सही करीत आहेत, भोवती अधिकारी मंडळी उभी आहेत, आणि त्यांच्यातच जॉर्ज जिलेट नावाचे एक गृहस्थ हाताने चेहरा झाकून रडत आहेत. नॉर्थ डाकोटा राज्यातील फोर्ट बर्थोल्ड या राखीव प्रदेशात राहणाऱ्या मंडन, हिदात्सा व अरिकारा या तीन जमातींच्या कौन्सिलाचे जिलेट हे अध्यक्ष होते. करार होता मिसूरी नदीच्या काठची दीड लाखांहून अधिक एकर जमीन सरकारास देण्याचा.

त्या जमिनीवर आज जे पाणी पसरले आहे त्यास साकाकाविया सरोवर म्हणतात. लांबी सुमारे १८० मैल. मनुष्याने निर्माण केलेल्या अमेरिकेतील सर्वांत मोठ्या जलाशयांत त्याची गणना होते. उन्हाळ्यात तेथे तंबू ठोकून राहणारी कुटुंबे, शिडाच्या होड्या आणि गळ टाकून बसलेले हौशी लोक यांची दाटी होते. पॅसिफिक महासागरातील चिनूक जातीचा साल्मन मासा १९७६ पासून आणून त्यात सोडला गेला. काठावर राज्य सरकारची उद्याने आहेत, आणि पूर्वेच्या अंगास ऑडुबॉन राष्ट्रीय वन्यजीव आश्रयस्थान आहे. प्रेअरीच्या उघड्या गवताळ माळावर एवढे पाणी पाहून प्रवासी हरखून जातो, आणि त्यात त्याचा काही दोष नाही. पाण्याखाली काय आहे हे पाणी आपण होऊन सांगत नसते.

या तीन जमाती रानोमाळ भटकणाऱ्या नव्हत्या, हे प्रथम सांगितले पाहिजे. नदीकाठच्या गाळाच्या जमिनीत मका, घेवडा, भोपळा व सूर्यफूल पिकवावे आणि मातीने लिंपलेल्या गोल घरांत गाव करून राहावे, असा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा क्रम. १८०४-०५ च्या हिवाळ्यात लुईस आणि क्लार्क यांची तुकडी मंडनांच्या शेजारी तळ देऊन राहिली, तेव्हा तिच्या पोटास याच मक्याचा आधार झाला. ज्या साकाकावियाचे नाव सरोवरास दिले आहे ती जन्माने शोशोनी. परंतु ती हिदात्सांच्या गावात राहत होती आणि तेथूनच त्या तुकडीबरोबर पश्चिमेस गेली. १८३७ च्या देवीच्या साथीने मंडन जवळजवळ नामशेष झाले. उरलेले लोक हिदात्सांच्या आश्रयाने, व पुढे अरिकाराही येऊन मिळाल्यावर, एकाच गावात नांदू लागले. त्या गावाची जागाही आता जलाशयात आहे.

१८५१ साली फोर्ट लॅरामी येथे झालेल्या तहाने या जमातींचा प्रदेश म्हणून १ कोटी २० लाख एकरांहून अधिक भूमी मान्य केली गेली. त्यानंतर कधी अध्यक्षांच्या हुकुमाने तर कधी कायद्याने ती कातरत कातरत दहा लाख एकरांच्या आत आली. तथापि नदीचे खोरे त्यांच्याकडे राहिले होते, आणि सारे काही त्या खोऱ्यातच होते: शेते, सरपणाचे व आडोशाचे कॉटनवुड वृक्ष, जंगली फळे, हिवाळ्यात गुरांना निवारा, एल्बोवुड्स येथील शाळा व रुग्णालय.

१९४३ साली मिसूरीला मोठे पूर आले. खालच्या प्रवाहावरील शहरांचे नुकसान झाले, आणि सैन्याच्या अभियांत्रिकी खात्यातील कर्नल लुईस पिक यांनी धरणांची योजना मांडली. २२ डिसेंबर १९४४ च्या पूरनियंत्रण कायद्याने तीस मान्यता मिळाली. याच कायद्याच्या चौथ्या कलमाने अशा जलाशयांच्या काठी लोकांसाठी उद्याने व विश्रांतिस्थाने करण्याचा अधिकार सैन्याच्या अभियंत्यांस दिला. म्हणजे कोणाच्या शेतावर पाणी येणार याचा निवाडा होण्यापूर्वी त्या पाण्याकाठी सहलीस कोणी यावे याची तरतूद पुस्तकात आली होती! कायद्याचे कलम वाचताना हसू येण्याचे प्रसंग वकिलास क्वचित येतात. हा त्यांतला एक, पण हसू टिकत नाही.

१९४६ साली धरणाच्या कामास हात घातला गेला, तेव्हा जमातींशी कोणताही करार झालेला नव्हता. वरच्या बाजूस धरणासाठी दुसरी जागा विनामूल्य देण्याची तयारी कौन्सिलाने दाखविली होती. अभियंत्यांनी ती अपुरी ठरविली. परंतु त्याच साली काँग्रेसने एक अट घातली होती, व ती माझ्या मते या साऱ्या प्रकरणाचा गाभा आहे. बुडणाऱ्या जमिनीच्या ऐवजी गुणाने तुल्य व क्षेत्राने पुरेशी अशी बदली जमीन या लोकांस दिली पाहिजे, अशी ती अट. युद्धखात्याने काही जमीन सुचविली. ती कसोटीस उतरत नाही असे म्हणून डिसेंबर १९४६ मध्ये याच क्रुगसाहेबांनी ती नाकारली. अट पाळली गेली नाही तेव्हा काम थांबावयास हवे होते. थांबली ती अट. १९४७ साली काँग्रेसने जमिनीऐवजी ५१,०५,६२५ डॉलर रोख देण्याचे ठरविले. प्रत्यक्ष गेलेली जमीन १,५२,३६० एकर. म्हणजे एकरी साडेतेहतीस डॉलर. १९४९ च्या कायद्याने त्यात ७५ लाखांची भर पडली, परंतु नव्या काठावर गुरे चारण्याचा, शिकारीचा व मासेमारीचा हक्क मागितला होता तो त्यात आला नाही.

आमच्याकडील १८९४ चा भूसंपादन कायदाही पैशाचीच भाषा बोलत असे, म्हणून परक्यांकडे बोट दाखविण्याचा हा प्रकार नव्हे. पैशाने जमीन विकत मिळते हे खरे. पण जेथे तशी जमीन शिल्लकच नाही तेथे पैसा काय घेऊन देणार?

आता पक्ष्यांकडे वळू. १९४६ सालीच अमेरिकेत असा कायदा दुरुस्त होऊन आला की, धरणे बांधणाऱ्या खात्यांनी वन्यजीवांच्या हानीविषयी संबंधित खात्याचा विचार घ्यावा. स्नेक क्रीक नावाच्या ओढ्याच्या मुखाशी बंधारा घालून जलाशयाचा एक भाग वेगळा केला गेला, आणि १९५५ साली तेथे आश्रयस्थान स्थापन झाले: सुमारे १४,७०० एकर, पाण्यात लहान लहान बेटे, भोवती गवताळ प्रदेश. बुडालेल्या अधिवासाच्या बदल्यात हे देण्यात आले. बेटांवर कोल्हा सहजी पोहोचत नाही, म्हणून बदके व हंसक तेथे निर्धास्त घरटी करतात. हेमंतात स्थलांतर करणारे थवे उतरतात. १९६७ साली त्यास पक्षिचित्रकार जॉन जेम्स ऑडुबॉन यांचे नाव दिले गेले. ते स्वतः १८४३ साली बोटीतून मिसूरीने वर गेले होते, आणि वाटेत देवीने उजाड केलेले मंडन गावही त्यांनी पाहिले होते.

पक्ष्यांच्या वाट्याविषयी मला असूया नाही. शिवाय तो वाटाही पुरा न्यायाचा नव्हता: नदीकाठच्या झाडीत राहणाऱ्या पाखरांची झाडी गेली ती गेलीच, बदली मिळाली ती पाणपक्ष्यांस. सरोवराच्या खडेरी काठावर पायपिंग प्लव्हर नावाचा छोटा पक्षी अंडी घालतो. १९८५ पासून तो संकटग्रस्तांच्या यादीत आहे. पाणी ओसरले की त्यास जागा मिळते, आणि वेळी-अवेळी चढले की घरटे वाहून जाते. तरीही बदली जमिनीचे जे तत्त्व माणसांच्या बाबतीत एका वर्षात मोडीत निघाले, ते पक्ष्यांच्या बाबतीत अंशतः का होईना अमलात आले, ही गोष्ट दप्तरी नमूद आहे.

एप्रिल १९५३ मध्ये नदी अडविली गेली आणि ११ जून रोजी अध्यक्ष आयसेनहॉवर यांच्या हस्ते समारंभ झाला. तीनशेहून अधिक कुटुंबे उठून वरच्या वाऱ्याच्या माळावर गेली. सुपीक जमीन बहुतेक सारी गेली होती. पूर्वी एका खोऱ्यात असलेल्या वस्त्या पाण्यामुळे एकमेकींपासून तुटल्या. पलीकडच्या काठच्या नातलगाकडे जावयाचे तर मैलोगणती वळसा. कबरी उकरून अस्थी वर नेण्यात आल्या. एल्बोवुड्सजवळील १९३४ च्या पुलाचा मुख्य भाग उचलून न्यू टाउन या नव्या गावाजवळच्या पुलात बसविला गेला. तो पूल २००५ पर्यंत वापरात होता.

आमच्या सांगे तालुक्यातील कुर्डी गाव साळावलीच्या जलाशयात गेले, त्याची आठवण येथे गोव्याच्या वाचकास झाल्यावाचून राहणार नाही. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर यांचे ते गाव. तेथील प्राचीन महादेवाचे देऊळ दगड-दगड उतरवून धरणाजवळ पुन्हा उभे केले गेले. आणि मे महिन्यात पाणी आटले की ग्रामस्थ आपल्या सोमेश्वरापाशी जमतात. डाकोटात व्हॅन हूक नावाचे गाव बुडाले. जवळच्या काठावर त्याच नावाचे सहलीचे ठिकाण आहे; तेथे होड्या लागतात.

हिशेब पुढे थोडा दुरुस्त झाला. १९८४ साली जमिनीखालील खनिजांचे हक्क कायद्याने परत मिळाले. १९९२ साली काँग्रेसने पहिला मोबदला अपुरा होता हे मान्य करून १४ कोटी ९२ लाख डॉलरांचा निधी मंजूर केला. त्या वेळी छायाचित्रास चव्वेचाळीस वर्षे झाली होती. बुडालेल्या रुग्णालयाच्या जागी दुसरे मिळावयास त्याहून अधिक काळ लागला. ते २०११ साली न्यू टाउन येथे उघडले, आणि त्याचे नाव एल्बोवुड्स असे ठेवले गेले.