पोकरचा डाव आणि त्याचा इतिहास

पत्त्यांच्या खेळांचे ढोबळमानानें दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गांत पानावर पान पडतें. एक्का राजाला मारितो, हुकमाची दुर्री परक्या रंगाच्या एक्क्यालाही जिंकते, आणि अखेरीस हात मोजून हारजीत ठरते. ब्रिज, मेंढीकोट वगैरे खेळ ह्या वर्गांतले. दुसऱ्या वर्गांत पानें बहुधा हातांतच झांकून राहतात. टेबलावर पडतें तें द्रव्य. पोकर हा ह्या दुसऱ्या वर्गाचा शिरोमणि होय. त्याचे नियम शिकण्यास अर्धा तास पुरतो. परंतु नियम आले म्हणजे खेळ आला अशा समजुतीनें जो बसतो, तो बहुधा खिसा हलका करून उठतो. असें कां व्हावें, ह्याचा उलगडा खेळाच्या इतिहासांत सांपडतो. कारण पोकरचा इतिहास हा पानांचा इतिहास नसून पण लावण्याच्या फेऱ्यांचा इतिहास आहे.

ह्या खेळाचें मूळ शोधतांना पूर्वीं कित्येकांनीं इराणांतील ‘आस-नास’ ह्या खेळाकडे बोट दाखविलें होतें. परंतु आस-नासचे नियम लेखनिविष्ट झालेले आढळतात ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, म्हणजे पोकर अमेरिकेंत रूढ होऊन दोन पिढ्या लोटल्यानंतर. तेव्हां त्या तर्कास आधार उरत नाहीं. जर्मनांचा ‘पोखेन’, फ्रेंचांचा ‘पोक’ आणि इंग्रजांचा ‘ब्रॅग’ हे खरे जवळचे नातलग. जर्मन शब्दाचा अर्थ ठोठावणें, आणि लक्षणेनें बढाई मारणें. इंग्रजी शब्दाचा अर्थ तर उघडच बढाई. आपल्या हातीं आहे त्याहून अधिक असल्याचा आव आणावा, हा गुण घराण्याच्या नांवांतच आहे. इ. स. १८०३ सालीं लुइझियानाचा विस्तीर्ण प्रदेश अमेरिकन संयुक्त संस्थानांनीं फ्रान्सपासून विकत घेतला, त्याबरोबर न्यू ऑर्लिन्स बंदर व तेथील फ्रेंच वस्ती त्यांच्याकडे आली, आणि मिसिसिपी नदीवर आगबोटी सुरू झाल्यावर हा खेळ त्या बोटींबरोबर उत्तरेकडे पसरला.

जोसेफ कॉवेल नांवाच्या इंग्रज नटानें १८२९ सालच्या डिसेंबरांत लुईव्हिलहून न्यू ऑर्लिन्सला जातांना आगबोटीवर हा खेळ पाहिला, आणि पुढें १८४४ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत त्याचें वर्णन केलें. त्या काळचा पोकर वीसच पानांचा होता. चार रंगांचे एक्के, राजे, राण्या, गुलाम आणि दश्श्या तेवढ्या ठेवावयाच्या, चार गड्यांस पांच पांच पानें वाटावयाचीं, आणि पण लावण्याची एकच फेरी. शिलकेस एकही पान नाहीं, म्हणून पान बदलण्याचाही प्रश्न नाहीं. अशा खेळांत चार एक्के हा अजिंक्य हात. आणि चार राजांबरोबर एक एक्का आला तर तोही अजिंक्यच, कारण चार एक्के मग कोणाकडेही असूं शकत नाहींत. असा हात लबाडीनें जुळवून घेणाऱ्या पट्टीच्या जुगाऱ्यापुढें प्रामाणिक उतारूचा निभाव लागणें कठीण होतें. जोनाथन ग्रीन ह्या स्वतः जुगार खेळून पश्चात्ताप पावलेल्या लेखकानें १८४३ च्या आपल्या ग्रंथांत ह्या खेळास फसवणुकीचा खेळ असेंच म्हटलें आहे.

पुढें बावन्न पानांचा जोड घेतला जाऊं लागला आणि खेळाचें स्वरूप पालटलें. वांटणीनंतर शिल्लक पानें राहूं लागलीं, तेव्हां नको तीं पानें टाकून नवीं घेण्याची पद्धत पडली. बदलापूर्वीं एक आणि बदलानंतर एक, अशा पणाच्या दोन फेऱ्या झाल्या. समोरच्यानें किती पानें बदललीं हें सर्वांस दिसे. एक पान घेणाऱ्याच्या मनांत काय असावें आणि तीन घेणाऱ्याच्या मनांत काय, ह्याचा तर्क बांधतां येऊं लागला. पांचही पानें एका रंगाचीं, किंवा पांचही क्रमानें, असे नवे हातही मान्य झाले. आज सर्वत्र मान्य असलेली हातांची प्रतवारी दुर्मिळतेस अनुसरून आहे. बावन्नांतून पांच पानांचे २५,९८,९६० हात होऊं शकतात. त्यांत एका रंगाचा क्रम ४०. चार सारखीं ६२४. तीन सारखीं व एक जोडी ३,७४४. नुसता एक रंग ५,१०८. नुसता क्रम १०,२००. तीन सारखीं ५४,९१२. दोन जोड्या १,२३,५५२. एक जोडी १०,९८,२४०. उरलेले अर्ध्याहून किंचित् अधिक हात असे, कीं ज्यांत एक जोडीसुद्धां नाहीं! म्हणजे बहुतेकांच्या हातीं बहुतेक वेळां कांहींच नसतें, आणि तरीही कोणीतरी जिंकतोच. ही गोष्ट ज्याच्या ध्यानांत आली, त्यास पण लावण्याचें महत्त्व निराळें सांगावयास नको.

हा बदलाचा पोकर समुद्रापलीकडे गेला त्याची हकीकत मनोरंजक आहे. १८७१ सालीं अमेरिकेचे वकील म्हणून लंडनला गेलेले रॉबर्ट शेंक ह्यांनीं एका उमराव घरच्या आग्रहावरून खेळाचे नियम लिहून दिले. ते खासगी रीतीनें छापले गेले आणि इंग्रजी दिवाणखान्यांत पोकरनें प्रवेश केला. ह्याच शेंकसाहेबांचें नांव एका चांदीच्या खाणीचे भाग इंग्रज भांडवलवाल्यांस विकण्याच्या प्रकरणांत गोंवलें जाऊन १८७६ सालीं त्यांस पद सोडावें लागलें. हातीं नसलेला माल असल्याचा भास करण्याची विद्या पत्त्यांपुरतीच मर्यादित राहत नाहीं, असें म्हणण्याचा मोह येथें अनावर होतो.

अमेरिकन यादवी युद्धाच्या सुमारास ‘स्टड’ नांवाचा तिसरा प्रकार निघाला. त्यांत कांहीं पानें झांकून व कांहीं उघडीं वाटीत, आणि दर उघड्या पानामागें पणाची एक फेरी होई. एकाच्या दोन आणि दोहोंच्या चार फेऱ्या झाल्या. ह्याच शतकांत आणखी एक पथ्य रूढ झालें : डाव सुरू होतांना जेवढी रक्कम टेबलावर असेल तेवढीच पणास लावतां यावी. डाव चालू असतां घरादाराचे कागद आणून समोरच्यास केवळ पैशाच्या जोरावर हुसकावून लावण्याची सोय त्यामुळें राहिली नाहीं. ज्याची रक्कम संपली तो तेवढ्यापुरता डावांत राहतो, आणि बाकीच्यांच्या वाढीव पणाची रास वेगळी ठेविली जाते.

आज जगभर जो प्रकार खेळतात तो ‘टेक्सास होल्डेम’. टेक्सास संस्थानाच्या विधिमंडळानें २००७ सालीं ठराव करून रॉब्सटाउन ह्या गांवास त्याचें जन्मस्थान म्हणून मान्यता दिली, आणि त्याचा जन्म विसाव्या शतकाच्या आरंभीं झाल्याचें नमूद केलें. त्याची रीत अशी : प्रत्येकास दोन पानें झांकून मिळतात. पानें वाटण्याचा मान दर डावास एकेक जागा पुढें सरकतो, आणि त्या जागेच्या लगतच्या दोन गड्यांस पानें पाहण्यापूर्वींच ठराविक रक्कम टाकावी लागते. दुसऱ्याची रक्कम बहुधा पहिल्याच्या दुप्पट. हिला ‘ब्लाइंड’ म्हणतात. ही सक्ती नसती तर शहाण्यानें दोन एक्के येईपर्यंत स्वस्थ बसून रहावें हेंच उत्तम ठरलें असतें. आणि दोन एक्के सरासरीनें २२१ डावांत एकदां येतात! पहिल्या फेरीनंतर टेबलाच्या मध्यभागीं तीन पानें उघडतात, मग एक, मग आणखी एक. आणि प्रत्येक वेळीं पणाची फेरी होते. पानें उघडण्यापूर्वीं वरचें एक पान न दाखवितां बाजूस काढतात, तें अशासाठीं कीं वरच्या पानावर कोणी खूण केली असल्यास तिचा त्यास उपयोग होऊं नये. आपलीं दोन आणि मधलीं पांच, अशा सातांतून उत्तम पांचांचा हात ज्याचा, तो जिंकला. प्रत्येक फेरींत आपली पाळी आली असतां, कोणीं पण लावला नसेल तर आपण लावावा किंवा न लावतां पाळी पुढें द्यावी. लावला असेल तर तेवढी रक्कम भरावी, वाढवावी, अथवा पानें टाकून मोकळें व्हावें. सर्वांनीं पानें टाकलीं तर उरलेला एकटा हात न दाखवितां सर्व रक्कम उचलतो.

हाच प्रकार इतरांवर कां मात करून गेला? ह्याचें एक कारण साध्या गणितांत आहे. सात पानांच्या स्टडला आठ गडी बसले आणि सर्व शेवटपर्यंत राहिले, तर छप्पन्न पानें हवीं. जोडांत तितकीं नाहींत. होल्डेमला दहा गडी बसले तरी पंचवीस पानांत, बाजूस काढलेलीं धरून अठ्ठावीसांत, डाव पुरा होतो. नेवाडा संस्थानांत १९३१ पासून जुगार कायदेशीर होता, आणि १९६० नंतरच्या दशकांत टेक्सासच्या फिरत्या खेळाडूंनीं हा खेळ तेथील लास व्हेगासला नेला. १९७० सालीं बेनी बिनियन ह्यांच्या हॉर्सशू कॅसिनोंत पोकरची जागतिक मालिका सुरू झाली. पहिल्या वर्षीं जॉनी मॉस ह्यांस खेळाडूंच्या मतानें विजेते ठरविलें गेलें. १९७२ पासून मुख्य सामन्याची प्रवेश-रक्कम दहा हजार डॉलर झाली.

आतां पणाची भाषा कशी वाचावयाची, तें एका उदाहरणानें पाहूं. मध्यें १०० रुपये जमले आहेत. एकच पान उघडावयाचें राहिलें आहे. तुमचीं दोन व मधलीं दोन मिळून चार पानें बदामाचीं आहेत. पांचवें बदाम आलें तर तुम्ही जिंकाल, नाहीं तर हराल. प्रतिपक्षी ५० रुपये लावतो. तुम्हांस न दिसलेलीं पानें ४६, त्यांत बदाम ९. असे ४६ प्रसंग आले असें समजा : नऊ वेळां १५० मिळून १,३५० आले, सदतीस वेळां ५० जाऊन १,८५० गेले, एकूण ५०० रुपयांचा तोटा. पानें टाकावीं हेंच खरें. आतां त्यानें ५० ऐवजीं २५ च लावले असते तर? नऊ वेळां १२५ म्हणजे १,१२५ आले, सदतीस वेळां २५ म्हणजे ९२५ गेले. २०० रुपयांचा नफा. पानें तींच, नशीब तेंच. परंतु एका किंमतीस जें मूर्खपणाचें तेंच दुसऱ्या किंमतीस शहाणपणाचें ठरलें. नवशिका विचारतो, ‘माझें पान येईल काय?’ जाणता विचारतो, ‘ह्या पानासाठीं मजपासून काय मागितलें जात आहे?’

उरला तो ‘ब्लफ’, म्हणजे हातीं कांहीं नसतां मोठा पण लावणें. ह्याला लोक केवळ धाडस समजतात. गणिती जॉन फॉन नॉयमन ह्यांनीं १९२८ सालीं खेळांच्या सिद्धांताचा पाया घातला आणि १९४४ सालीं ऑस्कर मॉर्गेनस्टर्न ह्यांच्यासह लिहिलेल्या ग्रंथांत पोकरच्या एका साध्या नमुन्याचें विवेचन करून दाखविलें, कीं जो कधींच ब्लफ करीत नाहीं त्याच्या चांगल्या हातालाही पैसे मिळत नाहींत. कारण तो पण लावतांच सर्व सावध होऊन पानें टाकतात. सारांश, ब्लफ हा खेळांतील अनाचार नसून हिशेबाचा एक भाग आहे. तो हिशेब आतां यंत्रांनींही आत्मसात केला आहे. २०१५ सालीं अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनीं मर्यादित पणाचा दोन गड्यांचा होल्डेम जवळजवळ पूर्णपणें सोडविला, आणि २०१७ च्या जानेवारींत पिट्सबर्ग येथें ‘लिब्रेटस’ नांवाच्या संगणक-प्रणालीनें अमर्याद पणाच्या खेळांत चार कसलेल्या धंदेवाईकांस १,२०,००० डावांच्या सामन्यांत हरविलें.

ह्या दोहोंच्या आधीं २००३ सालीं एक निराळाच प्रकार घडला होता. क्रिस मनीमेकर नांवाच्या टेनेसीच्या एका हिशेबनिसानें शंभर डॉलरहूनही कमी खर्चांत इंटरनेटवरील सामन्यांतून मुख्य सामन्यांत प्रवेश मिळविला आणि पंचवीस लाख डॉलर जिंकले. त्या वर्षीं स्पर्धक ८३९ होते. तीन वर्षांनीं ते ८,७७३ झाले. प्रत्येकास आपणही मनीमेकर होऊं असें वाटलें. परंतु पोकरच्या टेबलावर द्रव्य उत्पन्न होत नाहीं. एकाचें दुसऱ्याकडे जातें, आणि मधून घरवाला आपला वांटा काढतो. एक जिंकावयाचा तर अनेकांनीं हरलेंच पाहिजे.

येथेंच आपल्या देशाच्या कायद्यांतील एका जुन्या प्रश्नाशीं आपण येऊन पोहोंचतों. १८६७ च्या जुगारविषयक कायद्यानें केवळ कौशल्याचे खेळ वगळले होते. १९६८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें रमीस कौशल्याचा खेळ म्हणून संरक्षण देतांना तीन पानांच्या खेळास, म्हणजे फ्लश अथवा ब्रॅगला, निव्वळ नशिबाचा खेळ ठरविलें. दिवाळीच्या रात्रीं घरोघर रंगणारी आपली तीन पत्ती ही त्याच ब्रॅगची, म्हणून पोकरची चुलत बहीण. ह्या विचारसरणींत असें गृहीत आहे कीं, कौशल्य असलें म्हणजे खेळ निर्दोष झाला. पोकरचा इतिहास नेमकें उलट शिकवितो. निव्वळ नशिबाच्या खेळांत अडाणी आणि जाणता कालांतरानें सारखेच ठरतात; कौशल्य जितकें अधिक, तितका अडाण्याचा तोटा अधिक निश्चित. फेऱ्या एकाच्या चार झाल्या, म्हणजे चूक करण्याच्या जागाही चौपट झाल्या. २०२५ च्या ऑगस्टांत संसदेनें पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर, ते नशिबाचे असोत वा कौशल्याचे, बंदी घालणारा कायदा केला, तेव्हां हा भेदच बाजूस सारला गेला. त्या कायद्याच्या इष्टानिष्टतेविषयीं मतभेद असूं शकतात; परंतु कौशल्य ही दुबळ्याची ढाल नव्हे, एवढें तरी त्यानें ओळखलें आहे.

हें सत्य आपल्या पूर्वजांस नवें नव्हतें. नळराजा पुष्कराशीं खेळून राज्य घालवितो आणि ऋतुपर्णाकडून अक्षहृदय शिकल्यावर तेंच राज्य परत जिंकतो. ही कथा ऐकविल्यावर बृहदश्व मुनि युधिष्ठिरास ती विद्या देतात. परंतु ती देतात वनांत, सर्वस्व गेल्यानंतर. पोकर शिकूं इच्छिणाऱ्यानें हा क्रम तेवढा उलटा ठेवावा : विद्या आधीं, पण नंतर, आणि विद्या पुरी झाल्यावर कदाचित् त्यास असेंही दिसून येईल, कीं पण न लावतांही ह्या खेळांतलें शिकण्यासारखें बहुतेक सारें आपल्या पदरांत पडलें आहे.