शॉवरची धार आणि तीन मजले

चिटणीसांनी सोसायटीचा इतिहास लिहायला सांगितला. पदाधिकाऱ्यांची यादी स्मरणिकेत आहेच, म्हणून मी पाण्याचा लिहितो. पंचवीस वर्षांत आपण कडाडून भांडलो ते पाण्यावरूनच.

कनेरगाव नाका म्हणजे मराठवाडा-विदर्भाची सीव. काळ्या खडकातलं बोअरचं पाणी, तेही उन्हाळ्यात आटणारं. सुरुवातीला दुसऱ्या मजल्यावर शॉवर टपटपायचा, तळमजल्यावर मात्र जोरात. ‘खालचे पाणी ओढतात’ असा बोभाटा झाला. दोन घरांचं हळदीकुंकवाला येणं-जाणं बंद झालं.

खरं म्हणजे दाब उंचीने येतो. दहा मीटर उंचीला चौरस सेंटीमीटरमागे सुमारे एक किलो. आपली टाकी वरच्या शॉवरपासून जेमतेम दोन मीटर उंच, तळमजल्याच्या शॉवरपासून आठ मीटर. म्हणजे खाली दाब चौपट आणि धार साधारण दुप्पट. यात कोणाची चोरी नव्हती!

तरी वरची धार कधी कधी अगदीच बंद पडायची, ते कोडं सुटेना. नोकरीत मी औरंगाबादला होतो तेव्हा पाणचक्की पाहिली होती. त्या शहरात सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मलिक अंबरने नहर-ए-अंबरी आणली. तिच्या वाटेवर उंच मनोरे आहेत, त्यांतून नळातली हवा निघून जाते. १७५०च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून पुण्याला पाणी नेलं, त्या नहरीवरही ‘उच्छ्वास’ बांधलेले आहेत. म्हटलं, आपल्या पाइपाचा श्वास कोंडला असेल! प्लंबरने पाहिलं तर गच्चीवर पाइप तुळईवरून उंटाच्या पाठीसारखा गेलेला. टाकी रिकामी झाली की तिथे हवा अडकायची. त्याने तो सरळ केला, हवेची नळी टाकीच्या पाण्याच्या पातळीहून उंच नेली आणि टाकीचा ओटा तीन फूट वाढवला. वरचा दाब त्याने दीडपटीच्या जवळ गेला.

एका सभासदाला स्वतःचा पंप बसवायचा होता. सामायिक नळावर एकाने पंप लावला की शेजाऱ्याचा नळ कोरडा पडतो, म्हणून सभेने नकार दिला. इतिवृत्तात तो ठराव आहे. पुढच्या संक्रांतीला ती दोन्ही घरं पुन्हा एकमेकांकडे वाण लुटायला गेली.

आता तक्रार येते ती बहुधा क्षारांची. शॉवरची चाळणी काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवा, सकाळी जुन्या टूथब्रशने घासा. मग मजल्याला दोष द्या.