भिंतीवरच्या तसबिरी

घराच्या सजावटीविषयी अलीकडे पुष्कळ बोलले जाते. कोणत्या रंगाच्या भिंतीवर कोणते चित्र शोभते, ते दृष्टीच्या रेषेत असावे की वर, एकच मोठे असावे की लहान लहान अनेक, ह्याचा खल करणारे सल्लागार आता मोबदला घेऊन घरी येतात. ह्या साऱ्या चर्चेत एक गोष्ट गृहीत धरलेली असते. ती ही की, आपल्या आवडीचे चित्र आणून आपल्या भिंतीवर लावणे हा गृहस्थाचा स्वाभाविक अधिकार आहे. परंतु इतिहास पाहिला तर महाराष्ट्रातील मध्यम स्थितीच्या घराला हा अधिकार मिळून दीडशे वर्षेही धड झालेली नाहीत. तो कसा मिळाला, आणि मिळाल्यावर आम्हा सुशिक्षितांनी त्याचे काय केले, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

पेशवाईत चित्रे नव्हती असे नाही. शनिवारवाड्याच्या कामावर खपलेल्या कारागिरांत जयपूरच्या भोजराजाचे नाव आढळते. पण १८२८ च्या आगीत वाड्याबरोबर त्या भिंतीही गेल्या. मेणवलीस नाना फडणविसांच्या वाड्यात आणि चांदवडच्या होळकरांच्या रंगमहालात मात्र भित्तिचित्रे अद्याप पाहावयास सापडतात. ती पाहताना मनात येते ते असे की, ही चित्रे घरात आणलेली नसून घराबरोबरच जन्मास आलेली आहेत. ज्याला वाडा बांधण्याची ऐपत, त्यालाच चित्राची हौस. शिवाय एकदा रंगविलेली भिंत पुढच्या पिढ्यांनी तशीच पाहावयाची. नव्या सुनेला ती रुचली नाही म्हणून उतरवून माळ्यावर टाकण्याची सोय नव्हती. त्या काळी श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत काचेवरची चित्रेही असत, आणि त्यांपैकी काही चिनी कारागिरांच्या हातची होती. काचेच्या मागल्या बाजूने काढावयाचे हे चित्र सगळे उलट्या क्रमाने काढावे लागते : डोळ्यांतील बुबुळे आणि अंगावरचे दागिने आधी, अंगकांती मागून, आणि पार्श्वभूमी सर्वांच्या शेवटी. चुकल्यास वरून दुरुस्ती नाही. ही चित्रे हलविता येत खरी, पण ती सरदार-सावकारांच्या पलीकडे फारशी गेली नाहीत.

मग साध्या घराची भिंत कोरीच होती काय? नव्हती, पण तिच्यावरील चित्र तिथीप्रमाणे येई आणि जाई. नागपंचमीस गंधाचे नाग निघत, श्रावणात जिवतीचा कागद चिकटे, दसऱ्यास पाटीवर सरस्वती उमटे. पूजा सरली की चित्राचे काम सरले. येथे एक गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. ह्या भिंतीपाशी हात चाले तो घरच्या बाईचा. वाड्यातील चितारी परका आणि पगारी होता. सामान्य घरातील चितारीण चूल सांभाळून हे काम करी.

१८७८ साली पुण्यात चित्रशाळा निघाली. ज्या विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ साली 'निबंधमाला' सुरू केली, ज्यांचा १८८० च्या न्यू इंग्लिश स्कूलात आणि १८८१ च्या 'केसरी'त प्रमुख हात होता, त्यांचाच ह्या छापखान्याच्या स्थापनेत पुढाकार होता. आपण शाळेचे आणि वर्तमानपत्राचे स्मरण ठेवतो आणि चित्रशाळेचा उल्लेख एका ओळीत उरकतो. मला हा न्याय वाटत नाही. शाळेत मुलगे गेले आणि वर्तमानपत्र पुरुषांनी वाचले. पण तसबीर माजघरापर्यंत पोहोचली, आणि जिला अक्षरओळख नव्हती तिनेही ती वाचली. रामपंचायतन आणि नाना फडणवीस एकाच दुकानात मिळू लागल्यावर देवादिकांच्या पंक्तीस इतिहासपुरुषाचे पान मांडले गेले. कोणास कोणाशेजारी टांगावयाचे हा प्रश्न प्रथमच घरातल्या माणसांपुढे आला. पुढे त्याच भिंतीवर लोकमान्य आले, गांधी आले, चंदनाचा हार घातलेले आजोबांचे छायाचित्र आले. घराघरांतील मतभेद त्या खिळ्यांवरून आजही ताडता येतील.

ही किमया शिळाछापाची. चुनखडीच्या घोटीव शिळेवर तेलकट शाईने चित्र काढावयाचे. शिळा भिजविली की कोऱ्या जागी पाणी ठरते आणि रेषेवर तेवढी शाई धरते. रंगीत चित्रास प्रत्येक रंगाची शिळा निराळी, आणि कागद प्रत्येक शिळेवर नेमका त्याच जागी बसावा लागे. तो केसभर सरकला की सीतामाईचे ओठ हनुवटीवर उतरलेच म्हणून समजावे. अशा प्रती मी पाहिल्या आहेत, आणि त्यांचीही पूजा झालेली होती.

चित्रशाळेने सुरू केलेले काम राजा रविवर्म्याने देशभर नेले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांसाठी त्याने चौदा पौराणिक चित्रे काढली. ती राजवाड्यात जाण्यापूर्वी लोकांस दाखविण्यात आली, तेव्हा पाहणाऱ्यांची रीघ लागली. राजवाड्यातील चित्र राजवाड्याबाहेर पाहावयास मिळाले की ते आपल्या घरी असावे असे वाटू लागणे साहजिकच होते. १८९४ साली त्याने मुंबईस गिरगावात जर्मन यंत्रे आणि जर्मन तंत्रज्ञ आणून छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीस गेला, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी रविवर्म्याने तो आपल्या फ्रिट्झ श्लायखर नावाच्या जर्मन तंत्रज्ञास विकून टाकला. धंद्यात तो बुडाला. चित्रे मात्र तरली. कमळावरील लक्ष्मी आणि वीणाधारी सरस्वती ह्या त्याच्या दोन चित्रांनी आपल्या देवींना जी मुखे दिली, ती अजून बदललेली नाहीत.

ह्यावर कलामर्मज्ञ रागावले, आणि त्यांचा राग अगदीच अस्थानी नव्हता. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात आनंद कुमारस्वामी आणि भगिनी निवेदिता ह्यांनी रविवर्म्याच्या चित्रांवर कडक टीका केली. पत्र लिहिणाऱ्या शकुंतलेचे जमिनीवर तसे पडणे निवेदितांना ग्राम्य वाटले. युरोपीय नाटकी ढंग, अंतर्मुखतेचा अभाव आणि त्यात यंत्राने काढलेल्या एकसारख्या प्रती : एवढ्या दोषांवर खटला निकालात निघाला. आमच्या पिढीने महाविद्यालयात हा निकाल पाठ केला. त्यात चित्राचा विचार होता; ते ज्या घरात लागले त्या घराचा नव्हता.

कारण घरात गेलेली प्रत यंत्रातून निघालेलीच राहत नसे. आमच्या वाड्यातील लक्ष्मीचेच सांगतो. ती आजीने लग्नानंतर पहिल्या दोनतीन वर्षांत, म्हणजे १९३५ च्या आसपास, स्वतःच्या पैशांनी घेतली. नंतर जीर्ण झालेल्या शालूचा पदर उसवून तिने त्याची जर काढली आणि देवीच्या साडीच्या काठांवर टाके घालून बसविली. मुकुटावर टिकल्या आल्या, गळ्यात बारीक मण्यांच्या सरी आल्या, हत्तींच्या झुलींवर कलाबतू चढली. मग काच बसवून सागवानी चौकट झाली. अशी सजविलेली चित्रे त्या काळी घरोघर होत. ज्या हातांनी भिंतीवर जिवती चिकटविली तेच हात आता छापील लक्ष्मीस लेणी घालीत होते. दहा हजार प्रतींतील ही एक प्रत मग दुसऱ्या कोणत्याही प्रतीसारखी उरली नाही. भिंतीवर ती उंच, पुढे कललेली अशी टांगली होती, आणि तिच्यामागच्या पोकळीत चिमण्या दरवर्षी घरटे करीत. काड्या जमिनीवर पडत, आजी कुरकुरत झाडी, पण घरटे काढू देत नसे.

१९९३ साली मी एम.ए. होऊन नुकता अध्यापक झालो होतो. कुमारस्वामी वाचलेले ताजे होते. दिवाणखान्याला रंग द्यावयाचा निघाला तेव्हा मी वडिलांस म्हणालो, "ही बाजारी चित्रे आता पुन्हा लावू नयेत." ते चष्मा पुसत एवढेच म्हणाले, "तुला बरे दिसेल ते कर." मी सहा तसबिरी उतरविल्या. भंगारवाल्याने चौकटींचे पैसे दिले, चित्रांचे दिले नाहीत. त्यांच्या जागी मी व्हॅन गॉगची सूर्यफुले आणून लावली. ती अर्थात यंत्रावर छापलेली होती आणि लाखो घरांत लागलेली होती. हे माझ्या ध्यानात यावयास पुष्कळ वर्षे जावी लागली. अभिरुचीचा म्हणून जो निर्णय मी घेतला तो पाठ्यपुस्तकाने घेतलेला होता. आजीचा निर्णय तिचा होता.

आता त्याच जातीच्या प्रती, विशेषतः जरीकाम केलेल्या, संग्राहक मोठ्या किमतीला घेतात. पुण्यात दिनकर केळकरांनी घरोघर हिंडून दिवे, अडकित्ते आणि संसारातील शेकडो वस्तू जमविल्या नसत्या, तर आमच्यासारख्यांनी काय काय फेकून दिले ह्याचा पत्ताही लागला नसता. तथापि संग्रहालयाच्या कपाटात ठेवलेली वस्तू कोणाच्या शेजारी टांगली होती, कोणी कोणाशी भांडून ती घेतली होती, हे चिठ्ठीवर लिहिलेले नसते. मळवलीचा कारखानाही १९७२ च्या आगीत गेला. आमचा वाडाही पुढे पडला आणि तेथे सहा मजली इमारत उभी राहिली.

रंगाचे काम आटोपल्यावर आजीला मी हाताला धरून दिवाणखान्यात आणले होते. तिला तेव्हा फारसे दिसत नसे. सूर्यफुलांकडे तिने पाहिले की नाही कोण जाणे. ती बराच वेळ उभी राहिली आणि मग विचारती झाली, "अरे, त्या तसबिरीमागे चिमणीचं घरटं होतं ना? ते कुठे ठेवलंस?"